लॅबमधली ब्लॅक मैत्रीण पीएचडी सोडायचं म्हणतेय, जे शेवटपर्यंत जातात ते कसे जातात?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा मुलगा नाशिकचा, अमेरिकेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या लॅबमध्ये त्याच्याच बॅचची एक ब्लॅक अमेरिकन मुलगी आहे, क्वालिफायर (पीएचडीची पात्रता परीक्षा, तिलाच क्वाल्स म्हणतात) पहिल्याच फटक्यात पास झालेली, कोडिंग त्याच्यापेक्षा चांगलं, आणि आता ती म्हणते की मास्टर्स घेऊन निघते, बास झालं. तो विचारतोय की ताई, तिच्यासारखे जे लोक हे सगळं सोसून डिग्री घेतात ते नेमकं काय करतात, आणि यात मी काही करू शकतो का.

मी बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या अभ्यासातलं संख्याशास्त्र, शिकवते, इथल्या एका सरकारी विद्यापीठात, २२ वर्षं झाली. त्यातली ६ वर्षं ग्रॅड डायरेक्टर होते, म्हणजे पीएचडीचे अर्ज, फंडिंग, क्वाल्स, ॲडव्हायजर (गाइड) बदलणं, मध्येच सोडून जाणं, सगळं माझ्या टेबलावरून गेलंय. मी ब्लॅक नाही, त्यामुळे आतून काय होतं ते मी सांगू नये. जे माझ्या डोळ्यासमोर झालं आणि जे माझ्या विद्यार्थ्यांनी मला बसून सांगितलं तेवढंच लिहितेय.

पहिली गोष्ट, ती सोडायचं म्हणते म्हणजे तिला झेपत नाही असं डोक्यात आणू नकोस. तूच लिहिलंयस की ती क्वाल्स पहिल्यांदाच पास झाली. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सने नव्वदच्या दशकात पीएचडी सुरू केलेल्यांचा दहा वर्षांचा हिशोब काढला होता, त्यात गोऱ्या अमेरिकनांपैकी ५५ टक्के लोकांनी दहा वर्षांत डिग्री घेतली आणि ब्लॅक अमेरिकनांपैकी ४७ टक्के. म्हणजे पीएचडी ही गोष्टच अशी आहे की गोऱ्यांमधलेसुद्धा जवळजवळ निम्मे दहा वर्षांत पोचत नाहीत. पण या दोन आकड्यांत जो आठ टक्क्यांचा फरक आहे ना, त्यात हुशारीचा प्रश्न नाही, कारण ही मुलं इथपर्यंत पोचतानाच इतक्या चाळण्यांतून गेलेली असतात. आणि संख्या बघ, अमेरिकन नागरिकांना मिळणाऱ्या डॉक्टरेटमध्ये ब्लॅक लोक साधारण ७ टक्के, लोकसंख्येत १३ टक्क्यांच्या आसपास. मग एखाद्या डिपार्टमेंटमध्ये, त्यातून गणित-स्टॅट्स-फिजिक्स असेल तर, एका बॅचला एक जण असतो नाहीतर कुणीच नसतो. तुझ्या बॅचमध्ये ती एकटीच आहे का हे तू लिहिलं नाहीयेस पण मला वाटतं एकटीच असणार.

आता हे एकटं असणं नेमकं कुठे लागतं ते सांगते, आणि त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

जॉर्ज मॅकलॉरिन नावाचे एक ब्लॅक शिक्षक होते, मास्टर्स झालेलं, त्यांना ओक्लाहोमा विद्यापीठात शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायची होती. १९४८ मध्ये कोर्टात जाऊन त्यांनी प्रवेश मिळवला. विद्यापीठाने प्रवेश दिला आणि बसायची सोय अशी केली की मुख्य वर्गाला लागून एक बाजूची जागा होती तिथे त्यांनी बसायचं आणि तिथून लेक्चर ऐकायचं, लायब्ररीत मेझनीनवर (मधल्या अर्ध्या मजल्यावर) एक टेबल ठरवून दिलं आणि वाचनाच्या मुख्य हॉलमध्ये बसायला बंदी, कॅफेटेरियात वेगळ्या वेळेला वेगळ्या टेबलावर जेवायचं. काही दिवस तर त्यांच्या जागेभोवती कठडा आणि त्याच्यावर ही जागा रंगीत लोकांसाठी राखीव अशी पाटी. विद्यापीठाचं म्हणणं काय, तर मास्तर तेच, पुस्तकं तीच, लेक्चर तेच, मग तक्रार कसली? ५ जून १९५० ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की हे चालणार नाही, कारण बाकीच्या विद्यार्थ्यांशी चर्चा करणं, मतं सांगणं-ऐकणं, त्यातून आपला पेशा शिकणं, हे सगळं या माणसाला करता येत नाहीये.

(हे वाचताना आपल्यापैकी बऱ्याच जणांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसणारे बाबासाहेब आठवतील. तेच बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला आले, आणि पुढे १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून सांगितलं की इथल्या निग्रोंचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न यांत खूप साम्य आहे. डू बॉइस म्हणजे हार्वर्डची पीएचडी मिळवणारे पहिले ब्लॅक अमेरिकन, १८९५.)

मला त्या निकालातला तो शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. पीएचडी ही लेक्चरमधून मिळत नाही. पीएचडी मिळते ती कॉरिडॉरमध्ये, रात्री नऊ वाजता लॅबमध्ये कुणीतरी पिझ्झा मागवलेला असतो तिथे, कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या लॉबीत. कोणत्या प्रोफेसरच्या हाताखाली माणूस सात वर्षं अडकतो, कोणता रिव्ह्यूअर कशाला चिडतो, क्वाल्सचे मागच्या पाच वर्षांचे पेपर कुणाच्या ड्राइव्हवर आहेत, डेटा मिळत नसेल तर कुणाला मेल टाकायचा, हे कुठल्याही हँडबुकमध्ये लिहिलेलं नसतं. तू आठव, तुला हे सगळं कुणी सांगितलं? तुझ्या सीनियर भारतीय मुलांनी सांगितलं असणार, तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तू विमानात बसायच्या आधीच. तिला कुणी सांगितलं असेल?

आज कठडा नाहीये, पाटी नाहीये. पण या गप्पांच्या बाहेर राहिलेला माणूस अजूनही त्या बाजूच्या खोलीतच बसलेला असतो.

शर्ली ॲन जॅक्सन या एमआयटीमधून पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या ब्लॅक बाई, १९७३, फिजिक्स. त्या तिथे अंडरग्रॅड म्हणून आल्या तेव्हा बाकीच्या मुली त्यांना अभ्यासाच्या ग्रुपमध्ये घ्यायच्या नाहीत, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. आणि यावर एक फार सुंदर काम झालंय ते तुला माहीत असायला हवं. बर्कली विद्यापीठात सत्तरच्या दशकात युरी ट्रीझमन नावाचा एक ग्रॅड स्टुडंट होता, त्याला प्रश्न पडला की कॅल्क्युलसमध्ये ब्लॅक मुलं मागे का पडतात. प्रोफेसर लोकांना विचारलं तर उत्तरं ठरलेली, तयारी कमी, इच्छा कमी, घरचं वातावरण. त्याने २० ब्लॅक आणि २० चायनीज अमेरिकन मुलं घेतली आणि सरळ त्यांच्या मागे मागे फिरला, कुठे बसतात, कधी अभ्यास करतात. ब्लॅक मुलं अभ्यासात कमी नव्हती, दिलेले तास भरत होती, पण प्रत्येक जण एकटा बसून अभ्यास करत होता. चायनीज मुलं आधी एकटी करायची आणि मग रात्री जेवण झाल्यावर एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासायची, कुठे अडलंय, टीए (प्रोफेसरला शिकवण्यात मदत करणारा विद्यार्थी) कसा मार्क कापतो, सगळं तिथे निघायचं. मग त्याने वर्कशॉप सुरू केले, एकत्र बसून अवघड गणितं सोडवायची, आणि निकाल बदलला. मेरीलँडमधल्या यूएमबीसी या विद्यापीठाचा मायरहॉफ प्रोग्रॅम १९८८ च्या सुमाराला सुरू झाला, त्यातही एकत्र अभ्यास हा पायाच आहे, आणि तिथून निघालेली ब्लॅक मुलं देशभर पीएचडी करतात.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे जे टिकतात ते काय करतात. मी पाहिलेले जे टिकले त्यांनी ही बाहेर राहिलेली गप्पांची खोली स्वतःची स्वतः दुसरीकडे बांधली. डिपार्टमेंटमध्ये नाही मिळाली तर डिपार्टमेंटच्या बाहेर.

माझी एक विद्यार्थिनी होती, आमचं गाव छोटं, तिचे केस करणारं इथे कुणी नाही, तर दर सहा आठवड्यांनी शनिवारी ती ९० मैल गाडी चालवत मोठ्या शहरात जायची. वेण्या घालायला पाच-सहा तास लागतात. मला आधी वाटायचं की डिफेन्स (कमिटीसमोरची शेवटची तोंडी परीक्षा) तीन महिन्यांवर आलाय आणि ही पूर्ण शनिवार घालवते. एकदा तिनेच सांगितलं की त्या खुर्चीत बसून मी माझं पूर्ण प्रेझेंटेशन त्या बाईला समजावून सांगते, सर्व्हायव्हल ॲनालिसिससकट, आणि ती मध्येच म्हणते, थांब, हे जे लोक अभ्यासातून मध्येच निघून गेले त्यांचं तू काय केलंस? अरे, हाच प्रश्न कमिटीने विचारला! तिथे शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नर्सशी ओळख झाली, ती नर्स तिच्या विषयाच्या पेशंट ग्रुपमध्ये होती, तिथून तिला पुढे पोस्टडॉकच्या प्रपोजलची कल्पना सुचली. मी त्यानंतर कुणाच्या शनिवारबद्दल मनातसुद्धा काही आणलं नाही.

दुसरा एक मुलगा, त्याचा सकाळी सहाचा झूमवरचा रायटिंग ग्रुप होता, पाच जण, पाच वेगळ्या राज्यांत, कुणी इतिहास, कुणी केमिस्ट्री, सगळे ब्लॅक, कॅमेरा चालू, माइक बंद, दीड तास लिहायचं आणि शेवटची पंधरा मिनिटं बोलायचं. हे पाच जण भेटले होते सदर्न रीजनल एज्युकेशन बोर्ड या दक्षिणेकडच्या राज्यांच्या शिक्षणसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात. त्यांचा डॉक्टरल स्कॉलर्स प्रोग्रॅम १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्या मेळाव्यात हजारभर लोक जमायचे. तो म्हणायचा की आयुष्यात पहिल्यांदा मी अशा हॉलमध्ये होतो जिथे मी कोण आहे हे कुणाला समजवावं लागलं नाही आणि लगेच मेथडवर बोलायला सुरुवात झाली. बिझनेस स्कूलवाल्यांसाठी १९९४ पासून पीएचडी प्रोजेक्ट होता. त्याच्याशी संबंध ठेवल्याबद्दल मार्च २०२५ मध्ये इथल्या शिक्षण खात्याने ४५ विद्यापीठांची चौकशी लावली, आणि बऱ्याच विद्यापीठांनी अंग काढून घेतलं. म्हणजे ज्या खोल्या या मुलांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी तीस वर्षं खपून बांधल्या त्याच आता बंद होतायत, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण कागदावर त्या बंद करणं सोपं आहे पण तिथे जे मिळत होतं ते विद्यापीठ दुसरीकडून देत नाहीये.

आता रोजचं. शिव्या-बिव्या क्वचित, रोजचं वेगळंच असतं. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० मध्ये यासाठी, म्हणजे रोजच्या छोट्या छोट्या अपमानांसाठी, मायक्रोॲग्रेशन हा शब्द काढला. शब्द आता इतका वापरलाय की गुळगुळीत झालाय, म्हणून एक प्रसंग सांगते. जानेवारी, बाहेर उणे पंधरा, माझा एक विद्यार्थी रविवारी बिल्डिंगमध्ये यायचा तेव्हा जाड जॅकेटच्या वरून, मफलरच्याही वरून, विद्यापीठाचं आयडी गळ्यात बाहेर दिसेल असं घालून यायचा. मी विचारलं, आत का नाही ठेवत, दोरी अडकते दाराला. तो म्हणाला, पहिल्या वर्षी दोनदा कुणीतरी मला जिन्यात विचारलं की तू कुणाला भेटायला आलायस, एकदा सिक्युरिटीला फोन गेला, तेव्हापासून मी हे असंच घालतो, विचारायची वेळच येऊ देत नाही. त्याने हे अगदी सहज सांगितलं, बुटाची लेस बांधता बांधता. २०१८ मध्ये येलमध्ये एक ब्लॅक ग्रॅड स्टुडंट पेपर लिहिता लिहिता हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये झोपली तर दुसऱ्या विद्यार्थिनीने पोलीस बोलावले होते, आणि ती तिथेच राहत होती. आपण लॅबच्या सोफ्यावर किती वेळा झोपलो असू!

आणि मग फीडबॅक. ॲडव्हायजरने ड्राफ्ट लाल करून परत दिला की तू काय विचार करतोस? चिडतोस, मग दुरुस्त करतोस. तिला आधी एक हिशोब सोडवावा लागतो, हा लाल रंग माझ्या कामाला आहे की मला आहे? दोन्हीपैकी काहीही असू शकतं, दोन्हीचा अनुभव आहे, आणि चुकीचं उत्तर काढलं तर दोन्हीकडून नुकसान. यात जी शक्ती जाते ती कुठल्याही टाइमशीटवर दिसत नाही. याच्यावर कोहेन, स्टील आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक प्रयोग केला, साधा आहे. नुसती टीका केली तर ब्लॅक विद्यार्थी तो पक्षपात असेल असं धरतात आणि पुन्हा लिहायची इच्छा कमी होते. टीकेआधी गोड गोड कौतुक केलं तरी फार उपयोग नाही. पण टीका तेवढीच ठेवून सोबत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या, की माझं मोजमाप कडक आहे, आणि तुझं लिखाण बघून मला वाटतं तू तिथे पोचशील, तर फरक पडतो. मी हे वाचल्यापासून प्रत्येक ड्राफ्टवर हेच करते, सगळ्यांच्या. आणि जी मुलं टिकतात ती बऱ्याचदा अशी एक तरी व्यक्ती शोधून ठेवतात, कमिटीतली किंवा बाहेरची, जिच्या लाल पेनावर त्यांचा विश्वास असतो, मग बाकीच्यांच्या कॉमेंट तिला दाखवून विचारतात की हे खरं आहे का. एकच माणूस सगळ्यासाठी नाही चालत. एक कामासाठी, एक नोकरीसाठी, एक फक्त रडायला.

लिहून ठेवणं हाही एक भाग. प्रत्येक मीटिंगनंतर दोन ओळींचा मेल, आज आपलं असं असं ठरलं, माझ्याकडून काही राहिलं असेल तर सांगा, धन्यवाद. दिसायला हे शिस्तीचं वाटतं, पण चौथ्या वर्षी ॲडव्हायजर जेव्हा म्हणतो की मी तुला हे चॅप्टर करायला सांगितलंच नव्हतं, तेव्हा हेच मेल उपयोगी पडतात. माझ्या काळात फंडिंग अचानक बंद करायला निघालेल्या एका केसमध्ये मुलीने असे ३१ मेल काढून दिले आणि मी डीनकडे जाऊन तिचं वर्ष वाचवू शकले.

आणि कशासाठी करतोय हे. ब्लॅक विद्यार्थ्यांचा विषय बऱ्याचदा त्यांच्या लोकांशी जोडलेला असतो, बाळंतपणातले मृत्यू, जमिनी, शाळा, सिकल सेल. कमिटीत कुणीतरी म्हणतंच की हा विषय फार स्वतःपुरता आहे, जरा जनरल करा. गोऱ्या गावांवरच्या डेटाला जनरल म्हणायचं आणि काळ्या गावांवरच्या डेटाला खास, हे मी स्वतः कानांनी ऐकलंय. कार्टर वुडसन, आई-वडील गुलामीत जन्मलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस, १९१२ ला हार्वर्डमधून इतिहासाची पीएचडी घेतली आणि १९१५ ला ब्लॅक इतिहासाच्या अभ्यासाची संस्थाच काढली, १९२६ ला निग्रो हिस्टरी वीक सुरू केला, त्याचाच पुढे फेब्रुवारीचा ब्लॅक हिस्टरी मंथ झाला. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी ज्यांनी विषय सोडून दिला आणि कमिटीला आवडेल तो घेतला ती जास्त लवकर थकली. हे माझं निरीक्षण आहे, मोजलेलं नाही.

आता जे कुणी फारसं बोलत नाही ते. ही किती खंबीर आहे, किती सहन करते, असं तिला म्हणू नकोस, आणि मनातही धरू नकोस. शर्मन जेम्स नावाचे एपिडेमिऑलॉजिस्ट (रोग कुणाला आणि का होतात ते अभ्यासणारे) आहेत, आमच्याच क्षेत्रातले. नॉर्थ कॅरोलायनात त्यांना एक निवृत्त ब्लॅक शेतकरी भेटला, जॉन हेन्री मार्टिन, वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातला, शाळा जवळजवळ नाही, स्वतः वाचायला शिकला, ऊर फुटेपर्यंत काम करून चाळिशीपर्यंत ७५ एकर स्वतःची जमीन केली. आणि पन्नाशीत रक्तदाब, सांधेदुखी, पोटात मोठा अल्सर. जेम्सना त्याच्या नावावरून लोककथेतला जॉन हेन्री आठवला, जो हातोडा घेऊन मशीनशी शर्यत लावतो, जिंकतो, आणि तिथेच मरतो. त्यांनी या सगळ्याला जॉन हेन्रिझम नाव दिलं, की साधनं कमी असताना सतत जोर लावून अडचणीशी झुंजत राहणाऱ्या माणसाचं शरीर त्याची किंमत देतं. माझ्या एका विद्यार्थिनीला २७ व्या वर्षी हेल्थ सेंटरमध्ये १५०-९५ रक्तदाब निघाला, क्वाल्सच्या महिन्यात, घरात कुणाला त्या वयात नव्हता. ती तेव्हा आमच्या डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर सगळ्यात हसऱ्या फोटोत होती, तीन कमिट्यांवर विद्यार्थी प्रतिनिधी होती, कारण प्रत्येक कमिटीला एक ब्लॅक विद्यार्थी हवाच असायचा आणि ती एकटीच होती. मी ग्रॅड डायरेक्टर म्हणून त्यातल्या दोन कमिट्यांसाठी तिचं नाव स्वतः दिलं होतं. ते मी आजही विसरलेले नाही. त्यानंतर आम्ही नियम केला की विद्यार्थ्याला वर्षाला एकच कमिटी, आणि नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

दुसरी एक चूक सांगते कारण तुझ्या कामाची आहे. माझ्या पहिल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला की एक सर ग्रुप मीटिंगमध्ये फक्त माझ्याच कोडच्या ओळी स्क्रीनवर लावून तपासतात. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, मनावर घेऊ नकोस, ते सगळ्यांशीच तसे वागतात. मला वाटलं मी त्याला धीर देतेय. तो हो म्हणाला, उठला, आणि पुन्हा कधी माझ्याकडे काही घेऊन आला नाही, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मास्टर्स घेऊन गेला. सगळ्यांशी तसे वागतात हे मला माहीत तरी होतं का? मी कधीच त्या मीटिंगला गेले नव्हते. तेव्हा ती तुला काही सांगेल तेव्हा पहिलं वाक्य हे नको.

डिग्री मिळाली म्हणजे संपलं असंही नाही, म्हणून हे लोक पुढचा विचार आधीपासून करतात. एडवर्ड बूशे यांनी १८७६ मध्ये येलमधून फिजिक्सची पीएचडी घेतली, अमेरिकेत पीएचडी मिळवणारे पहिले ब्लॅक माणूस, आणि कुठल्याही विद्यापीठाने नोकरी दिली नाही, फिलाडेल्फियात ब्लॅक मुलांच्या शाळेत २६ वर्षं शिकवलं. आणि आपण स्टॅट्सवाले ज्यांचं नाव रोज घेतो ते डेव्हिड ब्लॅकवेल, राव-ब्लॅकवेल प्रमेयातले, त्यातले राव म्हणजे आपले सी. आर. राव. ब्लॅकवेलनी १९४१ मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी इलिनॉयमधून पीएचडी केली, बर्कलीत संख्याशास्त्रज्ञ नेमान यांना ते हवे होते पण तेव्हा वर्णामुळे ते होऊ शकलं नाही, मग त्यांनी १९४४ पासून दहा वर्षं हॉवर्डमध्ये काढली, हे ब्लॅक विद्यापीठ, तिथून एकामागून एक पेपर लिहिले, आणि शेवटी बर्कलीनेच त्यांना बोलावलं. १९६५ ला नॅशनल ॲकॅडमीत गेलेले पहिले ब्लॅक सदस्य ते. एनव्हिडियाची ब्लॅकवेल चिप त्यांच्याच नावाची. मी पहिल्या लेक्चरला हे सांगते, आणि पुण्यात माझ्या एमएस्सीला मला हे प्रमेय शिकवताना त्यातला ब्लॅकवेल कोण हे कुणी सांगितलं नव्हतं. हॉवर्डसारखी ब्लॅक कॉलेजं म्हणजे सुद्धा तीच बांधलेली खोली, आणि आजही सायन्समध्ये पीएचडी करणाऱ्या ब्लॅक विद्यार्थ्यांतला मोठा भाग पदवीसाठी अशाच कॉलेजांतून आलेला असतो.

आता आपल्याबद्दल थोडं, आणि हे मला बोलायचंच आहे. आपल्याकडून इथे आलेल्या मुलांना विमानतळावरून घेताना पहिला सल्ला काय मिळतो, तर अमुक भागात राहू नको, तिथे काळे राहतात. लॅबमध्ये मराठीत-हिंदीत बोलताना जे शब्द वापरले जातात ते समोरच्याला कळत नाहीत असं आपण धरतो, पण सूर कळतो, आणि काही शब्द आता कळतातही. आपला टीए ग्रुप, आपली क्वाल्सची फाइल, आपला क्रिकेटचा रविवार, हे आपल्याला आधार म्हणून चांगलंच आहे, मी स्वतः त्याच्यावर जगले, पण त्या ट्रीझमनच्या गोष्टीत आपण कुठल्या बाजूला बसलोय ते एकदा बघ.

तर तू काय कर. क्वाल्स तिचे झालेत, पण प्रपोजल डिफेन्स (संशोधनाचा आराखडा कमिटीसमोर मांडणं) अजून असेल ना, तुझ्या सीनियर लोकांची पास झालेली प्रपोजल्स तुझ्याकडे असतील तर त्या फोल्डरची लिंक तिला पाठव, मोठं भाषण न देता, नुसतं हे माझ्याकडे होतं म्हणून. ग्रुप मीटिंगमध्ये ती काही म्हणाली आणि दहा मिनिटांनी तेच दुसऱ्याच्या तोंडून आलं की तिथल्या तिथे म्हण, हो, हे ती मघाशी म्हणाली तेच ना, आणि तिच्याकडे बघ म्हणजे ती पुढे बोलेल. तिचा कोड वाचायला माग, तुझा तिला वाच म्हणून दे, खरंच कामासाठी. वंशवाद मला समजावून सांग असं तिला म्हणू नकोस, तिला ती आणखी एक कमिटी होईल. आणि तिला विचारल्याशिवाय तिच्या वतीने ॲडव्हायजरकडे किंवा ऑफिसात जाऊ नकोस, हे फार महत्त्वाचं, तुझा हेतू कितीही चांगला असला तरी त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात, तुला नाही.

राहा, सोडू नको, असा आग्रहही करू नकोस. विचार की तुला निघायचंय ते पीएचडीतून की या लॅबमधून. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि थकलेल्या माणसाला ते एकच वाटतात. माझ्याकडे सोडायचं म्हणून आलेल्यांपैकी बरेच जण ॲडव्हायजर बदलून पूर्ण झाले, एक जण सेमिस्टरभर रजा घेऊन परत आली, आणि दोघं जण खरंच गेले, त्यातली एक आता राज्याच्या आरोग्य खात्यात आहे, उत्तम काम करते, आणि ती गेली ते बरोबरच केलं असं मला वाटतं. तिला हे पर्याय माहीत आहेत का हे बघ. रजा घेतली तर इन्शुरन्सचं काय होतं, दुसऱ्या डिपार्टमेंटचा ॲडव्हायजर चालतो का, ऑम्बड्स ऑफिस कुठे आहे (हे तक्रारी ऐकून मार्ग सुचवणारं ऑफिस, तिथे सांगितलेलं सहसा डिपार्टमेंटकडे जात नाही, पण तिथे गेल्यावर आधी तेच विचारून घ्यायचं), बाहेरची फेलोशिप असेल तर ती नव्या लॅबमध्ये सोबत नेता येते का. ग्रॅड डायरेक्टरला हे सगळं नाव न घेता विचारता येतं, तूही विचारू शकतोस, माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतोय असंसुद्धा म्हणायची गरज नाही, पॉलिसी म्हणून विचार.

आणि एक तारखेची गोष्ट. फॉल सेमिस्टरचं टीए-आरए वाटप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं काम, ज्याच्यावर पगार मिळतो) बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यातच ठरतं, आमच्याकडे जूनच्या शेवटी यादी लागते. ॲडव्हायजर बदलायचा असेल तर त्याच्या आधी नव्या माणसाशी बोलणं झालेलं हवं, म्हणजे एक सेमिस्टर तरी पगार सुटत नाही. तुमच्याकडे ती तारीख कुठली आहे ते या आठवड्यात काढ आणि तिला सांग.